दुसऱ्या चाचणीवाचून निदान अपुरे

रायपूरच्या चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळात समवयस्क भेटले की मी एक प्रश्न विचारतो: तरुणपणी शस्त्रक्रियेत वा बाळंतपणात रक्त चढवले होते काय? हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्यापूर्वी दिलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी शक्यच नव्हती. हा संसर्ग यकृतात दोन-तीन दशके लक्षणांविना राहू शकतो.

केंद्राने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून चाचणी व औषधे मोफत केली, हे स्तुत्यच. परंतु पहिली चाचणी केवळ प्रतिपिंडे शोधते. सातबाऱ्यावरील जुन्या नोंदीवरून आजची वहिवाट सिद्ध होत नाही, तसेच हे आहे. काहींचे शरीर विषाणूला औषधाविना हुसकावते. आज संसर्ग आहे की नाही, हे आरएनए चाचणीच सांगते. तिच्यासाठी पुन्हा खेप घालायची, रोजगार बुडवायचा, म्हणून अनेकजण मध्येच गळतात. सिकलसेलमुळे छत्तीसगडमधील ज्या कुटुंबांच्या रुग्णालयाच्या वाऱ्या आधीच चालू असतात, त्यांना ती खेप अधिकच जड जाते.

यावर उपाय आहे. पहिली चाचणी सकारात्मक येताच दुसरी त्याच वेळी घेतलेल्या रक्तावर व्हावी. बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. म्हणून जिल्ह्याच्या अहवालात शिबिरांची संख्या पुरेशी नाही. किती जणांचे निदान पूर्ण झाले आणि किती बरे झाले, हेही शासनाने दरवर्षी प्रसिद्ध करावे.