फायरवॉल चालू, हॉटस्पॉटही चालू

नागरी सहकारी बँकेच्या शाखेतील संगणकाला बाहेर जायला एकच अधिकृत वाट असते: लॅनमधून फायरवॉलकडे आणि पुढे डेटा सेंटरमधील कोअर बँकिंग प्रणालीकडे (सीबीएस). नांदेड-लातूरकडच्या शाखांत लिंक डाउन झाली की दुसरी वाट निघते. काउंटरसमोर रांग, मोंढ्यातला आडत्या आरटीजीएससाठी खोळंबलेला, आणि कुणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो. लिंक परत येते. हॉटस्पॉट बंद करायचा राहून जातो. मग तो संगणक एकाच वेळी दोन जाळ्यांत असतो. मोबाइलवाटे आलेली फाइल फायरवॉलला दिसत नाही, तिच्या लॉगमध्येही उमटत नाही.

सर्वांत महाग पडते ते आरटीजीएस-एनईएफटीचे टेबल. बहुतेक लहान बँका या व्यवस्थेत उपसभासद; त्यांचे पैसे प्रायोजक बँकेतील खात्यातून जातात. मेकरने भरले, चेकरने मंजूर केले, की प्रायोजक बँकेच्या लेखी आदेश खरा. चेकर साहेब बैठकीला गेले की त्यांचा पासवर्ड मेकरच्या खणात आणि ओटीपीचा मोबाइल टेबलावर. दोघांचे काम एकटाच उरकतो. त्याच संगणकावर व्हेंडरच्या सोयीसाठी दुरून संगणक चालवण्याचे ॲनीडेस्क कायम उघडे असेल, तर मेकर-चेकर दोन्ही दूर बसलेल्या तिसऱ्याच्या हाती जातात.

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या आयडीबीआय बँकेतील खात्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये बाहेर वळवले गेले. त्या प्रकरणातील जबाबदारी हा इथला विषय नाही. मात्र आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले १४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी. शाखेला कुलूप असले तरी पैसे जाण्याची वाट तेव्हापासून उघडी आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी ऑगस्ट २०१८ मध्ये गेले, तेही ११ तारखेला शनिवारी आणि १३ ला सोमवारी, मधे रविवार ठेवून.

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने सायबर सुरक्षेसाठी नागरी बँकांचे चार स्तर पाडले. त्यावर अनेक संचालक मंडळांनी काय केले? दुसऱ्या बँकेचे धोरण उतरवून घेतले, ठराव केला, फाइल कपाटात ठेवली. सायबर सुरक्षेची जबाबदारी प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या लिपिकाकडे. त्याने पर्यायी लिंक मागितली की तीन कोटेशने आणि पुढच्या सभेची वाट. अध्यक्षांच्या दालनाच्या एसीला यातले काहीच आडवे येत नाही. हॉटस्पॉटबद्दल मेमो मात्र लिपिकालाच!

पर्यायी लिंक याच महिन्यात मंजूर व्हावी. आरटीजीएसचा संगणक वेगळा असावा, त्यावर ईमेल नको, पेन ड्राइव्ह नको. रात्रीची आणि सुट्टीची व्यवहारमर्यादा शून्य करण्याचे पत्र प्रायोजक बँकेला आजच जावे. व्हेंडरला प्रवेश हवा असेल तर तेवढ्या वेळेपुरता, कुणी समोर बसलेले असताना.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. प्रत्यक्षात घाबरलेला कर्मचारी आधी संगणक फॉरमॅट करतो; पुरावा तिथेच संपतो. संशय येताच केबल काढावी, यंत्र तसेच ठेवावे, प्रायोजक बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. फोन करणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी मेमो पडणार नाही, हे मंडळाने ठरावात लिहून द्यावे.