चंद्राची तारीख आणि समुद्र

आम्हा यवतमाळकरांना पाणी म्हणजे पैनगंगा, नाही तर बेंबळा धरण. म्हणून सुटीत मुरूडला गेलो, की जंजिऱ्याआधी लाटाच दिसतात आणि दोन वर्षांचं लेकरू आमच्याही पुढे धावतं.

निघण्यापूर्वी हिजरी तारीख पाहावी. चंद्राच्या १ आणि १५ तारखेच्या आसपास समुद्राला उधाण असते. तेव्हा कोकणात दुपारी बारा-एकच्या सुमारास भरती, तर संध्याकाळी सहा-सातला ओहोटी. पुढे ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी सरकते. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघाभर पाणीही लेकराला पाडायला पुरते.

सगळ्यांचे लक्ष म्हणजे कोणाचेच नाही. म्हणून पाळ्या लावाव्यात: अर्धा तास अब्बू, मग खाला, मग मामू. ज्याची पाळी, त्याच्या हातात मोबाइल नको आणि लेकरू हाताच्या अंतरावर हवे. अस्रची नमाजही आळीपाळीने पढावी.

एरवी हे काम एकट्या अम्मीवर पडते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नात उमामाला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली, सज्द्यात जाताना तिला खाली ठेवले, उठताना पुन्हा उचलून घेतले. मग किनाऱ्यावर लेकरू सांभाळण्यात आम्हा पुरुषांना कसला कमीपणा?