फाइल नको, कागद पुरे!

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. इन्कम टॅक्समध्ये अपंगत्वाची वजावट मिळते, म्हणून अकाउंट्सनं पुरावा मागितला. मी बाईसाहेब अख्खी मेडिकल फाइल स्कॅन करून ऑफिसच्या कॉमन मेलवर पाठवून मोकळी! त्यात मानसोपचारतज्ज्ञांचं जुनं प्रिस्क्रिप्शनही होतं. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एक मैत्रीण हळूच म्हणाली, ‘आता झोप लागते ना गं नीट?’ चौकशी प्रेमाची होती. पण घोट घशाखाली उतरेना.

मग शहाणी झाले. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आपला प्रकार कोणता, किती टक्के, हे सरकारी प्रमाणपत्रावरच लिहिलेलं असतं. वजावटीला किमान ४० टक्के लागतात. बाकीचा इतिहास अकाउंट्सला हवाय कशाला?

पुढच्या वर्षी फक्त प्रमाणपत्र दिलं. झेरॉक्सवर आडवं लिहिलं, ‘फक्त टॅक्स वजावटीसाठी’, खाली तारीख. आधार दिलं तेही मास्क्ड, शेवटचे चारच आकडे दिसणारं. आणि आधी विचारलं, ‘हे कोण कोण बघणार?’ समोरचा चपापला, पण एकच नाव सांगितलं.

मला कमी ऐकू येतं, म्हणून ऑफिसनं माझ्याबद्दल जास्त ऐकावं, असं थोडंच आहे?