पट्टी हातात घ्या, तक्रार कागदावर द्या

माळशिरस तालुक्यातील शेतकरी बंधू-भगिनींनो,

कांदा असो की डाळिंब, माल गाडीत भरला की आपण भावाची चौकशी करतो. ज्याच्या गाळ्यावर लिलाव होणार, त्या अडत्याचा परवाना चालू आहे का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. ही सवय याच हंगामात मोडू या, अशी कळकळीची विनंती करण्यासाठी हे लिहितो आहे. कुणा एका अडत्याकडे माझं बोट नाही. सचोटीनं धंदा करणारे अडतेही आहेत, आणि लबाडीला चाप बसला तर फायदा त्यांचाही आहे.

फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यात काय घडलं ते आठवा. बार्शी तालुक्यातल्या बोरगावच्या शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला 1 रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाता पट्टीवर उरले 2 रुपये 49 पैसे, आणि हातात पडला 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. त्या पट्टीचा आणि चेकचा फोटो देशभर फिरला. मग बाजार समितीनं त्या व्यापाऱ्याचा परवाना 15 दिवसांसाठी निलंबित केला. पडलेल्या भावासाठी कुणाचा परवाना जात नाही; इथं बोट ठेवलं गेलं ते पुढच्या तारखेच्या चेकवर. आणि कारवाईला जागा मिळाली, कारण शेतकऱ्याकडे कागद होता. ज्याला हिशेब तोंडी सांगून वाटेला लावलं जातं, तो काय दाखवणार?

महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा 1963 चा आहे. त्यातलं आठवं कलम प्रत्येक शेतकऱ्यानं वाचायला हवं. परवान्याच्या अटी अडत्यानं किंवा त्याच्या नोकरानं मोडल्या, परवाना खोटं सांगून मिळवला, किंवा व्यापाऱ्यांनी संगनमत करून बाजार अडवून धरला, तर समिती परवाना निलंबित करू शकते, रद्दही करू शकते. सप्टेंबर 2023 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद पाडले, तेव्हा परवाने रद्द करण्याचा इशारा दिला गेला तो याच अधिकाराच्या बळावर. अर्थात ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून तर आपली तक्रार पुराव्यानिशी हवी.

तक्रार कशाची करायची? लिलाव उघड बोलीनं न होता रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरला, तर त्याची. वजनात मनमानी कडता धरला, त्याची. पैसे त्याच दिवशी न देता ‘पुढच्या बाजाराला या’ म्हणून परत पाठवलं, त्याची. आणि कांदा, भाजीपाला, फळं यांची अडत 2016 पासून खरेदीदारानं द्यायची आहे. तुमच्या पट्टीतून ती कापली असेल, मग ती कुठल्याही नावाखाली असो, तर ती पट्टी जपून ठेवा.

उचलीचं ओझं मी जाणतो. बियाणं, औषधं, लग्न, दवाखाना, सगळ्याला अडत्याकडूनच उचल घेतलेली असते. त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायला हात धजत नाही. म्हणून एकट्यानं जाऊ नका. नातेपुते, वेळापूर, पिलीव, माळीनगर, ज्या त्या गावानं पाच-दहा जणांच्या सह्यांचा एकच अर्ज द्यावा. उचल हा वेगळा व्यवहार आहे. वजन मारण्याचा हक्क तिच्यातून मिळत नाही.

बांधावर सौदा करणाऱ्यांना जास्तच सावध करायचं आहे. 2016 च्या बदलानंतर बाजार आवाराबाहेर फळं-भाजीपाला घ्यायला समितीचा परवाना लागत नाही. म्हणजे बागेत येऊन डाळिंब उचलणाऱ्यानं पैसे बुडवले, तर रद्द करायला परवानाच नसतो. पूर्ण रक्कम खात्यावर जमा झाल्याशिवाय गाडी बागेतून हलू देऊ नका. त्याचं आधार कार्ड आणि गाडीचा नंबर यांचा फोटो काढून ठेवा, दर आणि वजन लिहून सही घ्या. अमेरिकेत नाशवंत शेतमालाच्या व्यापाऱ्याला 1930 पासून परवाना लागतो, आणि 1984 पासून न दिलेल्या पैशांवर पहिला हक्क माल विकणाऱ्याचा मानला जातो. असं संरक्षण आपणही सरकारकडे मागायला हवं, आणि ते मिळेपर्यंत खबरदारी आपल्यालाच घ्यावी लागेल.

बाजार समितीच्या संचालकांनाही हात जोडून सांगणं आहे. कायद्यानं 18 संचालकांत 15 जण शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात, व्यापारी-अडत्यांचे दोनच. परवान्यांच्या नूतनीकरणाचे अर्ज समोर येतील, तेव्हा आधी त्या नावावरच्या तक्रारी वाचा. चालू परवानाधारकांची यादी अकलूजच्या आवारात ठळक लावा.

अर्ज समितीच्या सचिवांच्या नावे दोन प्रतींत लिहा, पट्टीची झेरॉक्स जोडा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. समिती गप्प बसली तर तोच अर्ज सोलापूरच्या जिल्हा उपनिबंधकांकडे आणि पुण्याच्या पणन संचालकांकडे पाठवा. परवान्यावर कारवाई करण्याचा अधिकार पणन संचालकांनाही आहे. घरात जुन्या पट्ट्या असतील तर आज रात्रीच काढून बघा.