येळवशीची खोप

मार्गशीर्षांतली अमावास्या आमच्या सदाशिव पेठेंत येते आणि निमूटपणें जाते. धाकटी सून लातूरकडची. तिचें चित्त मात्र त्या दिवशीं घरांत नसतें. 'आज आमच्याकडे गांवांत माणूस दिसायचा नाहीं, सारे शेतांत,' असें ती म्हणे. सणाचें नांव 'वेळ अमावास्या', बोलण्यांत 'येळवस'. 'हा संस्कृत वेला शब्द!' असा मीं जेवतांना निकाल दिला. सून कांहीं बोलली नाहीं.

गेल्या वर्षीं व्याह्यांच्या आग्रहावरून निलंगा तालुक्यांत गेलों. लिंगायत, मराठे, माळी, सर्वांच्या शेतांत कडब्याच्या खोपी. आंत चुन्यानें रंगविलेले पांच दगड, ते पांडव. त्यांस नैवेद्य दाखविल्यावांचून कोणी घांस घेत नाहीं. नैवेद्यांत मुख्य भज्जी. पुणेकर कांद्याचीं भजीं समजतील. ही तीं नव्हेत. कोंवळा हरभरा, तूर, पालेभाज्या एकत्र शिजवून बेसन लावलेला हा दाट प्रकार. जोडीला बाजरीचे उंडे (माझ्या उरल्यासुरल्या दांतांसही ते मानवले), तिळाची पोळी, आंबील.

पूजेनंतर गडी आंबील शिंपडीत पिकाभोंवतीं फिरला. त्याच्या आरोळीचे शब्द मला कळेनात. 'मास्तर, तें कानडी,' व्याही म्हणाले. कर्नाटकांतही हाच दिवस शेतांत साजरा होतो. तेथें त्यास 'एळ्ळ अमावास्या' म्हणतात, आणि एळ्ळु म्हणजे तीळ. पानांतील पोळीकडे पाहून मीं माझी 'वेला' मुकाट्यानें परत घेतली. १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यांतच होते, हें मीं शाळेंत शिकविलेलें; पण तेथें आठवलें नाहीं.

येळवशीस वाटसरूलाही हांक मारून बसवितात. ज्यांना शेत नाहीं त्यांना आधींच सांगून ठेवितात. बांधापलीकडची खोप व्याह्यांच्या थोरल्या बंधूंची. वांटणीपासून अकरा वर्षें उभयतांत भाषण नव्हतें. आम्ही पानावर बसणार, तों बांधावर थोरल्यांचा नातू उभा. 'आजोबांनीं जेवायला बोलाविलें आहे.'

व्याही बराच वेळ पांडवांकडे पाहत राहिले. विहीणबाईंनीं न बोलतां भज्जीचें पातेलें त्यांच्या हातीं दिलें. मीही मागोमाग गेलों. भाऊ एका पंक्तीस बसले. बोलले तें ज्वारीच्या कणसांविषयीं आणि विहिरीच्या पाण्याविषयीं. वांटणीचा शब्द निघाला नाहीं. निघतांना थोरल्यांनीं रिकाम्या पातेल्यांत आपल्या घरची भज्जी भरून दिली.

'मीठ कमी आहे,' बांध ओलांडल्यावर आमचे व्याही म्हणाले, आणि पुन्हां बोट बुडवून चाखूं लागले.