मासा उडी मारतो, दोष कुणाचा?

कॅसलरॉक हे काही समुद्राकाठचे गाव नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर, रानाने वेढलेले हे ठिकाण. तरीही समुद्राशी त्याचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदराकडून निघालेला लोहमार्ग ब्रागांझा घाट चढून येथे पोहोचला, आणि गोवा पोर्तुगीजांकडे असेपर्यंत हे सरहद्दीवरचे स्थानक होते. घाट असा खडा की सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर चढावे. त्या वाटेने समुद्र आमच्याकडे आला तो टोपलीतून. ताज्या, खारवलेल्या वा सुकवलेल्या मासळीच्या रूपाने.

हल्ली काळ बदलला आहे. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून शोभेचे समुद्री मासे जिवंतपणी कुठेही पोहोचतात. कृत्रिम समुद्रमीठ बाजारात मिळते. ते गोड्या पाण्यात मापाने विरघळवले की घाटमाथ्यावरही समुद्र तयार होतो. हौस वाईट नाही. १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून कितीतरी मुलांनी काचेला नाक लावून पहिल्यांदा जिवंत समुद्र पाहिला असेल. परंतु मत्स्यालयात आपण टाकीची फक्त समोरची बाजू पाहतो. वरची बाजू आपल्याला दिसत नाही, आणि म्हणूनच की काय, घरी टाकी मांडताना वरच्या बाजूचा विचार कुणी करीत नाही. दगड, वाळू, दिवे, पंप, सगळे येते. झाकण राहून जाते.

मग एके सकाळी मासा जमिनीवर वाळून पडलेला सापडतो. घरातली मंडळी हळहळतात आणि म्हणतात, “त्याने जीव दिला.” या एका वाक्यालाच माझा आक्षेप आहे. मासा जीव देत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार आहे.

मासा उडी का मारतो, हे काळी नदीच्या मुखाशी जाळे टाकणाऱ्या कुणाही मच्छीमाराला विचारावे. बोय, म्हणजेच शेवटे, जाळ्यात घेरले की सरळ जाळ्यावरून उडी घेऊन पलीकडे जातात. उडी ही माशाची पळण्याची वाट आहे. मोठा मासा मागे लागला, अचानक उजेड वा अंधार झाला, पाण्यातला प्राणवायू कमी पडला, किंवा नव्या जागेत आल्याने तो बावरला, की तो वर झेपावतो. लाखो वर्षे ही युक्ती त्याच्या उपयोगी पडली आहे, कारण समुद्रात उडी मारली तरी खाली पुन्हा समुद्रच असतो. टाकीच्या बाहेर मात्र शहाबादी फरशी असते. शेजारी समुद्र नाही, ही गोष्ट माशाला ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असते. तेव्हा जबाबदारी कुणाची, हे वेगळे सांगायला नको.

त्यातही काही मासे या बाबतीत प्रसिद्धच आहेत. फायरफिश नावाचा सडपातळ मासा, रास जातीचे चपळ मासे, गोबी (भाजीतली नव्हे, माशातली) हे उडी मारण्यात पटाईत. समुद्री वाम उडी मारीत नाही, पण बोटभर फट मिळाली तरी सरपटत बाहेर पडते. विदूषक मासा त्या मानाने गरीब. पण त्यालाही दुसऱ्याने पिटाळले तर तो काठ ओलांडतो. “उडी न मारणारे मासे आणा” हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. कमी उडी मारणारे मासे असतात; कधीच न मारणारा मासा कोणता, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आता प्रश्न असा की झाकण कसले असावे? बहुतेकांच्या मनात पहिली येते ती काच. गोड्या पाण्याच्या टाक्यांवर आपण काच पाहिलेली असते. तीच येथे का नको? याचे उत्तर पाण्यातच आहे. पंचवीस अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशाची शिधोरी मुळातच लहान. हा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत येतो आणि माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तेथूनच बाहेर जातो. वर घट्ट काच बसवली की ही देवघेव मंदावते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाणी आम्लतेकडे झुकते. शिवाय काचेच्या आतल्या बाजूला खारे थेंब साचून मिठाचा पापुद्रा धरतो, आणि दिव्याचा प्रकाश त्यात अडतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाणी वाफ होऊन उडताना आपल्यासोबत उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार राहते ते याचमुळे. एक लिटर पाणी उडाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे शंभर लिटर पाणी पाच-सहा अंशांनी गार होईल इतकी. एप्रिल-मे महिन्यांत दिवे आणि पंप पाणी तापवीत असताना ही फुकटची सोय काच लावून बंद करणे शहाणपणाचे नाही.

काचेऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा वापरणारेही आहेत. तो हलका खरा, पण खालून वाफ आणि वरून कोरडी हवा लागली की तो वाकतो, आणि चार कोपऱ्यांपैकी एक उचलला जातो. माशाला तेवढे पुरते. कचेऱ्यांमधल्या ट्यूबलाइटखाली बसवतात ती चौकोनी खणांची प्लॅस्टिक जाळीही काही जण ठेवतात. मोठ्या माशांसाठी ती ठीक. पण तिचे खण सव्वा ते दीड सेंटिमीटरचे, आणि फायरफिशचे अंग त्यातून सहज निघते.

माझे मत स्पष्ट आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीवर जाळीच हवी, आणि तीही नायलॉनची किंवा तत्सम प्लॅस्टिकची, सुमारे सहा मिलिमीटर आसाची. (जाळ्याच्या छिद्राला मच्छीमार ‘आस’ म्हणतात.) एवढ्या आसातून हवा, वाफ आणि उजेड मोकळेपणाने जातात, मासा जात नाही. मासा काचेवर आपटला तर त्याचे डोके फुटते. जाळी मात्र किंचित दबते आणि त्याला परत पाण्यात सोडते. जाळी गाठी नसलेली मिळाली तर अधिक चांगली, कारण गाठींनी अंग खरचटते. डासांची जाळी फार बारीक. ती उजेड अडवते आणि मिठाने लवकर बुजते. लोखंडी तारेची जाळी गंजते. तांब्यापितळेची तर मुळीच नको; तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर कोळंबी, शिंपले, गोगलगाय यांना ते विष ठरते.

कॅसलरॉकसारख्या ठिकाणी जाळीच्या बाजूने आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात रानात झाड पडले की वीज जाते, आणि कधी कधी बराच वेळ येत नाही. वीज गेली की दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात. झगझगीत दिवा अचानक विझतो आणि मासे दचकतात. पंप थांबतो आणि पाण्यात प्राणवायू मिसळेनासा होतो. म्हणजे उडीची दोन्ही कारणे एकत्र आली! उघडी टाकी असेल तर मासा बाहेर पडेल. घट्ट काच असेल तर आत गुदमरेल. जाळी असेल तर तो बाहेरही पडत नाही आणि पृष्ठभागही मोकळा राहतो. भांड्याने पाणी उचलून जाळीवरूनच ओतत राहिले तरी वीज येईपर्यंत आधार होतो. जवळ एखादा लहानसा बॅटरीचा दिवा लावून ठेवावा, म्हणजे एकदम मिट्ट काळोख होत नाही.

जाळीविरुद्धचे आक्षेपही ऐकले पाहिजेत. पहिला असा की पाणी भराभर उडते. खरे आहे, आणि उडते ते गोडे पाणी, मीठ मागे राहते. शंभर लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले की ३५ ग्रॅमची क्षारता ३५.३५ वर जाते. यावर उपाय सोपा: पातळीची खूण करून रोज तेवढेच गोडे पाणी घालावे, खारे नव्हे. दुसरा आक्षेप ओलीचा. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाच ओल येते. तिथे टाकीची वाफ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हाही खरा आहे. म्हणून टाकी खिडकीजवळच्या हवेशीर खोलीत ठेवावी, लोखंडी कपाटाशेजारी नव्हे. आणि विजेच्या वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे खारट थेंब वायरीवरून ओघळत सॉकेटात शिरत नाहीत. तिसरा आक्षेप असा की पाणी काठापासून दोन इंच खाली ठेवले की झाकण लागत नाही. दोन इंच कशाला म्हणतात, हे घाबरलेल्या माशाला माहीत नसते.

खर्चाचे म्हणाल तर ही जाळी काही परदेशातून आणावी लागत नाही. खिडक्यांना डासांच्या जाळीची चौकट करून देणारा कारागीर टाकीच्या मापाची ॲल्युमिनियमची चौकट करून देतो. त्याला एवढेच सांगावे की डासांच्या जाळीऐवजी आपण दिलेली जाळी खाचेतल्या रबरी दोरीने ताणून बसव; पट्टी मात्र रंग चढवलेली घे, कारण उघडे ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्याने झिजते. चौकट काठाच्या आत टेकावी, म्हणजे थेंब टाकीतच पडतात. पाइप आणि वायरी जिथून जातात तिथे जाळी नेमकी तेवढीच कापावी. सगळी टाकी झाकून पाइपाजवळ तीन बोटे फट ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी टाकणे. परीक्षा अगदी सोपी आहे: जिथे पेन्सिल आडकाठीशिवाय शिरते, तिथून बारका मासा जाऊ शकतो असे समजावे. आठवड्यातून एकदा जाळी साध्या पाण्याने धुवावी, म्हणजे मीठ धरत नाही.

सर्वांत महत्त्वाचे, जाळी आधी आणि मासा नंतर. नवा मासा पहिल्या काही रात्रींतच सर्वांत जास्त बावरलेला असतो. “पुढच्या महिन्यात झाकण करू” म्हणणारा माणूस वरातीमागून घोडे नाचवीत असतो.

वाचक मित्रहो, विषय क्षुल्लक वाटेल. एका बोटभर माशासाठी एवढा शब्दप्रपंच कशाला, असेही कुणी म्हणेल. पण ज्या जिवाला आपण त्याच्या घरापासून दोन हजार फूट वर आणून चार काचांत ठेवले, त्याने ही जागा मागितली नव्हती. कारवारच्या किनाऱ्यावर चुकून वाळूत आलेला मासा पुढच्या लाटेने कदाचित परत जाईल. कॅसलरॉकला लाट येत नाही. येथे त्या लाटेचे काम आपल्यालाच करायचे आहे, आणि ते हातभर जाळीने भागते. ती जाळी करण्याइतकी सवड ज्याला नाही, त्याने समुद्राचा मासा घाट चढवून आणूच नये.