कायदा पुस्तकात, धूर वर्गात

परवा चौथीला परिसर अभ्यासात 'हवा' शिकवत होते. तेवढ्यात खिडकीतून धूर आला. शाळेमागे पालापाचोळा आणि प्लास्टिक पेटवलं होतं. एका मुलीने विचारलं, "बाई, असं जाळलेलं चालतं का?" मी क्षणभर गप्पच झाले.

खरं तर चालत नाही. हवेच्या प्रदूषणावर १९८१ पासून कायदा आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड!

म्हणजे नियम कमी नाहीत. पण आमच्याकडे घंटागाडी आठवड्यातून एकदाच येते. मग कचरा टाकायचा कुठे? माझं स्पष्ट मत आहे, सरकारने दंडाआधी गाडी द्यावी. बंदी घालायची आणि पर्याय द्यायचा नाही, अशाने नियम कागदावरच राहतो.

अर्थात, पालापाचोळ्यासाठी गाडीची वाट कशाला बघायची? या शनिवारी आम्ही मुलांसोबत खतासाठी खड्डा खणला. प्लास्टिक मात्र गोणीत साठवतोय. पालकांनो, ग्रामसभेत गाडीचा विषय तुम्ही काढा. मुलं प्रश्न विचारतायत, उत्तर आपण मोठ्यांनी द्यायचं आहे.